परतीच्या वाटेवरची वीज

1973 साली सिंहगडावरून दूरदर्शनचं सहक्षेपण सुरू झालं आणि मुंबईचे कार्यक्रम पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींत दिसू लागले. गच्च्यांवरच्या अँटेना दक्षिणेला, गडाकडे वळल्या. घरोघरी नव्हे, पण आळीत एखाद्याकडे शटरचा लाकडी टीव्ही आला. त्या काळच्या अनेक संचांत काचेचे व्हॉल्व्ह असत. त्यातला एखादा आज माळ्यावरून खाली उतरतो, कुणीतरी मागचं झाकण काढतं, आणि आतली करामत पाहून थक्क व्हायला होतं.

पडद्यावर अख्खं चित्र कधीच नसतं. असतो फक्त एक धावता ठिपका. तो डावीकडून उजवीकडे ओळ काढतो, झटकन मागे येतो, पुढची ओळ धरतो. एका चित्राला अशा 625 ओळी, सेकंदाला 25 चित्रं. एका ओळीला मिळतात 64 मायक्रोसेकंद: 52 जाण्याला, 12 परतायला. वीस इंची पडद्यावर हा ठिपका सेकंदाला साधारण 7.8 किलोमीटर वेगाने जातो. या वेगाने चिंचवडहून चाकण तीनेक सेकंदांत येईल! पृथ्वीजवळून फिरणारे उपग्रह जवळपास याच वेगाने धावतात, आणि इथे तो वेग दूरदर्शनवरचा ‘गजरा’ कार्यक्रम बघत बसलेल्या कुटुंबापुढे, बैठकीच्या खोलीत.

खरी कमाल मात्र परतीच्या त्या 12 मायक्रोसेकंदांत आहे. पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलमधला प्रवाह तेवढ्यात उलटा व्हावा लागतो. कॉइलला असा अचानक बदल मानवत नाही. ती व्होल्टेजचा जबरदस्त झटका देते. लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर तो झटका आणखी चढवतो, एक छोटा व्हॉल्व्ह त्याचं डीसी करतो आणि ट्यूबला पंधरा-सोळा हजार व्होल्ट मिळतात. त्यांच्या ओढीने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ पाव वेगाने पडद्यावर आदळतात. ठिपका मागे आला नाही, तर तो उजळणारही नाही. इतकी देखणी काटकसर मी दुसऱ्या कुठल्या घरगुती यंत्रात पाहिलेली नाही.

म्हणूनच ‘आवाज येतोय, पण पडदा काळा’ म्हटलं की मेकॅनिकचा हात आधी ओळी काढणाऱ्या लाइन स्टेजकडे, पीएल 504 आणि पीवाय 88 या व्हॉल्व्हकडे जातो. मधोमध एकच आडवी पांढरी रेघ दिसली, तर ठिपका आडवा धावतोय पण खाली सरकत नाही. दोष फ्रेम स्टेजमध्ये. दुखणं पडदा स्वतःच सांगतो. सगळेच व्हॉल्व्ह विझलेले असतील तर शोध वेगळा. त्यांचे हीटर गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एकाची तार तुटली की सगळी माळ गप्प.

असा संच थेट प्लगला लावणं म्हणजे त्याचा घात. इतक्या वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. ते आधी तपासून बदलायचे, मग शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि संच वाचतो. अशा बऱ्याच संचांत मेन्सची एक तार सरळ चासीला जोडलेली असते, आणि ट्यूब तर बंद केल्यावरही भार धरून ठेवते. जाणकार शेजारी असल्याशिवाय कुणीही आत बोट घालू नये.

लाइन स्टेज जागी झाली की बारीक शिट्टी येते, 15,625 हर्ट्‌झची. वयाबरोबर इतका उंच सूर कानाला लागेनासा होतो. म्हाताऱ्या मेकॅनिकपेक्षा शेजारच्या पोराला ती आधी कळते.

जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण आता नाही, म्हणून नुसत्या अँटेनावर मुंग्याच दिसतात. सेट-टॉप बॉक्स आणि संच यांच्यामध्ये छोटा मॉड्युलेटर जोडला की आजची रंगीत क्रिकेट मॅच त्यावर उमटते, पण कृष्णधवल. भारतात 1982 साली रंगीत प्रसारण आलं, तेव्हा रंगाची माहिती मूळ सिग्नलच्या आत वेगळी गुंफलेली होती. जुन्या संचाला ती कळत नाही. उजेड-अंधाराची प्रत्येक ओळ मात्र तो बरोबर वाचतो.