१२० तासांचं पुस्तक

दूरशिक्षणाचा फॉर्म भरायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “रोज यावं लागतं का?” नाही म्हटलं की चेहरा खुलतो. त्याच्या पुढचा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. रोज यायचं नाही, तर मग शिकवतं कोण? याचं उत्तर ज्याला पहिल्याच महिन्यात उमगतं, त्याची पदवी बहुतेक वेळा पूर्ण होते.

आधी दारं कोणती ते पाहू. सातारा-सांगलीकराला जवळची दोन. एक नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली स्थापन झालेलं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. त्याचं विभागीय केंद्र कोल्हापुरात आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या गावच्या कॉलेजांमध्ये असतात. दुसरं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण. याशिवाय देशभराचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आहेच.

ज्यांचं नाव मुक्त विद्यापीठाला आहे, ते यशवंतराव जन्मले देवराष्ट्र्याला, १९१३ मध्ये. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. याच मुलखात, कराडजवळच्या काले गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. प्रौढांना अक्षरओळख करून देणारी ग्रामशिक्षण मोहीमही १९५९ साली सातारा जिल्ह्यातच सुरू झाली आणि मग राज्यभर गेली. मोठ्या वयात वही उघडून बसणं या मुलखाला नवं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चाळिशीतली बाई फॉर्म मागताना अजूनही आवाज खाली करते.

प्रवेशाचं थोडक्यात. पदवीला बारावी लागते. ती राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून. हवा तो अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) मान्यतायादीत आहे का, ते पैसे भरण्याआधी स्वतः पाहा. मान्यता असेल तर ही पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते आणि स्पर्धापरीक्षांनाही चालते. २०२४ पासून प्रवेशासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो. इथे लग्न झालेल्या बायकांची हमखास अडचण होते, कारण मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवला तर शेवटच्या तारखेची धावपळ वाचते.

आता शिकवतं कोण? पुस्तक. दूरशिक्षणाचं पुस्तक क्रमिक पुस्तकासारखं लिहिलेलं नसतं. शिवाजी विद्यापीठाच्या पुस्तकातला कुठलाही घटक उघडा. उद्दिष्टं, प्रास्ताविक, मग विषय-विवेचन. दोन-चार पानं झाली की मध्येच ‘स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न’ येतात. रिकाम्या जागा, एका वाक्यात उत्तरं. त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी छापलेली असतात. वर्गात गुरुजी थांबून “समजलं का?” विचारतात ना, तीच ही जागा. बहुतेकजण मात्र तिथे न थांबता पुढे जातात, नाहीतर सरळ मागचं पान उघडून उत्तरं भरतात. असं केलं की शिक्षकच वर्गाबाहेर गेला. पेन्सिलीने उत्तर लिहा, मग मागे पडताळा. चुकलं तर विवेचनाची तीच दोन पानं पुन्हा वाचा. एवढं करणाऱ्याला बाजारातलं गाईड घ्यावं लागत नाही.

वेळेचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास. त्यातली संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रावरच्या प्रत्यक्ष तासिका, साधारण एक दशांश, म्हणजे १२ तास. उरलेले १०८ तास तुमचे, घरचे. सत्राला २० श्रेयांक असतील तर ६०० तास, म्हणजे सहा महिने दिवसाला सुमारे सव्वातीन तास. “वेळ मिळाला की वाचू” म्हणणाऱ्याने हा आकडा दारामागे लिहून ठेवावा. संपर्कसत्र बहुधा सुट्टीच्या दिवशी असतं. तिथले समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, अख्खा धडा शिकवणार नाहीत, अडलेलं सोडवतील. म्हणून अडलेलं काय ते वहीत लिहूनच जावं.

गृहपाठ कंटाळवाणे वाटतात, पण अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्क्यांपर्यंत गुण असतात. शेजारणीचा उतरवून काढला तर गुण मिळतीलही, पण लेखी परीक्षेत हात अडखळतो. पंधरा वर्षं ज्याने फक्त सही आणि वाणसामानाची यादी लिहिली, त्याची बोटं अर्ध्या तासात दुखायला लागतात. परीक्षेआधी महिनाभर रोज एक मोठं उत्तर घड्याळ लावून लिहा. इतकी साधी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि नापास होणाऱ्यांपैकी कित्येकजण हात चालेना म्हणून पेपर सोडून आलेले असतात, येत नव्हतं म्हणून नव्हे.

मी समंत्रक म्हणून घेत असलेल्या संपर्कसत्राला कोरेगावकडून एक अंगणवाडी सेविका येत. एकदा त्यांनी अर्थशास्त्राचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. प्रत्येक घटकाच्या शेवटी पेन्सिलीने बारीक तारीख. ऑक्टोबरात दोन तारखांमध्ये एकोणीस दिवसांचं अंतर होतं. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, “सर, तेव्हा सोयाबीन काढत होतो.” पान उलटलं, तर दिवाळीनंतरच्या एकाच आठवड्यात तीन घटकांच्या तारखा होत्या.