टाको, पण घडी न घालता

अमेरिकेत मधल्या वारी, कामावरून दमून आलेल्या घरात जी जेवणं हमखास शिजतात, त्यात ‘टाको स्किलेट’ हा एक प्रकार आहे. मक्याच्या पोळीत सारण भरून हातात धरून खायचा तो टाको नव्हे. त्याच सारणात तांदूळ, टोमॅटो आणि घेवडा घालून एका पसरट पॅनमध्ये शिजवायचं आणि वरून चीज वितळवायचं, एवढंच. ही चव मेक्सिकोची म्हणण्यापेक्षा सीमेअलीकडच्या अमेरिकेची, ‘टेक्स-मेक्स’ची आहे. खिमा-चीजचा कुरकुरीत टाको अमेरिकाभर पोचवला ग्लेन बेल यांनी. १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी त्यांनी ‘टाको बेल’ सुरू केलं. त्याआधी त्यांचा गाडा सॅन बर्नार्डिनोत होता, ‘मितला कॅफे’ या मेक्सिकन खाणावळीच्या समोरच, आणि टाको ते तिथल्या खाण्यावरून शिकले. हे श्रेय त्या खाणावळीला फार उशिरा मिळालं.

पॅन एकच असला तरी त्यात शिजणाऱ्या प्रत्येक जिनसेची गरज वेगळी असते. खिम्याला कडक आच हवी, मसाल्याला तेल हवं, तांदळाला झाकणाखाली शांतता हवी आणि चीजला तर आच नकोच. म्हणून इथे सगळी करामत क्रमाची. सगळं एकदम घालून झाकण ठेवलं तर पोट भरेल, पण ती खिचडी होईल.

आधी मसाला, कारण इथेच मोठी फसगत होते. अमेरिकन पाककृतीत ‘दोन मोठे चमचे चिली पावडर’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. ते आपलं लाल तिखट नव्हे. वाळक्या मिरच्यांच्या पुडीत जिरं, ओरेगानो आणि लसूण मिसळलेला तो तयार मसाला आहे. १८९०च्या दशकात टेक्सासमधल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थांनी तो बाजारात आणला. तेवढंच लाल तिखट घातलंत तर जेवणारी मंडळी पाण्याचे तांबे शोधत फिरतील. पाकीट आणायचीही गरज नाही. चार माणसांसाठी दोन चहाचे चमचे ताजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा धनेपूड, दोन चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड, झेपेल तेवढं साधं तिखट, एक चमचा ओरेगानो आणि सात-आठ लसणीच्या पाकळ्या ठेचून. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या डब्यात साठलेल्या असतातच, त्यातला ओरेगानो चालतो. खरा मेक्सिकन ओरेगानो मात्र वेगळ्याच कुळातला, जरा उग्र असतो. कुंडीत ओव्याच्या पानांचं झाड असेल तर एक-दोन पानं बारीक चिरून घाला; वासाने ती त्याच्या बरीच जवळ जातात. हळद आणि गरम मसाला मात्र लांब ठेवा. ते पडले की हा सरळ खिमा पुलाव होतो. तोही उत्तमच, पण मग एवढा खटाटोप कशाला?

आता पॅन. जाड बुडाचा, पसरट, घट्ट झाकणाचा हवा. खोलगट कढईत खिमा स्वतःच्या पाण्यात उकडतो. दीड चमचा तेल चांगलं तापवून चारशे ग्रॅम चिकनचा खिमा पातळ थरात पसरा आणि दोन-तीन मिनिटं चक्क हात लावू नका. हेच जमत नाही. आपला हात सतत उलथण्याकडे जातो. खिम्यातून पाणी सुटतं; ते आटेपर्यंत खिम्याचं तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि तोवर खरपूसपणा येत नाही. तडतड आवाज बदलून चरचर सुरू झाली, कडा तांबूस दिसल्या की मग मोडून परता. तळाला तपकिरी थर धरेल, धरू द्या. त्यावर चिरलेला कांदा आणि ढोबळी मिरची पडली की त्यांच्या पाण्याने तो थर सुटतो आणि सगळ्या भाताला चव देतो. मटणाचा खिमा असेल तर आधी कुकरमध्ये शिजवून घ्या, नाहीतर तो मऊ होईपर्यंत भाताची पेज झालेली असेल.

शाकाहारी घरात खिम्याऐवजी नुसता घेवडा. टेक्सासकडे ठिपक्यांचा पिंटो घेवडा वापरतात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागात पिकणारा वाघ्या घेवडा त्याच जातीचा, त्याच्या अंगावर मात्र रेघोट्या असतात. राजमाही चालेल. मात्र रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवूनच घाला. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. शिवाय टोमॅटोच्या आंबटपणात कडधान्य शिजता शिजत नाही. अर्धकच्चं घातलंत तर अर्धकच्चंच ताटात येईल.

कांदा मऊ झाला की आच कमी करा, मधे जागा करून चमचाभर तेल सोडा आणि त्यात लसूण आणि सगळा मसाला अर्धं मिनिट परता. फोडणी आपण सुरुवातीला करतो, इथे ती मध्यावर येते. कारण तेच: जिऱ्याचा वास आणि मिरचीचा रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो. सुरुवातीलाच घातला असता तर खिम्याच्या कडक आचेवर मसाला करपून कडू झाला असता. लगेच तीन टोमॅटो बारीक चिरून घाला. त्यांचा कच्चा वास गेला की धुऊन निथळलेला वाटीभर तांदूळ टाकून मिनिटभर परता. दाण्याला तेल लागलं की भात मोकळा होतो. मेक्सिकोतही भात असाच आधी परततात. कोलम किंवा बासमती घ्या. आंबेमोहोर, इंद्रायणी वरण-भातासाठी राखून ठेवा.

पावणेदोन वाट्या गरम पाणी, मीठ आणि शिजलेला घेवडा घालून एकदा ढवळा आणि पाण्याची चव घ्या. ते किंचित खारट लागलं पाहिजे, कारण तांदूळ मीठ ओढून घेतो. उकळी आली की झाकण, मंद आच, पंधरा मिनिटं. ढवळायचं नाही, दाणे मोडून सगळं चिकट होतं. शेवटच्या पाच मिनिटांत मक्याचे दाणे वर पसरा. भात शिजला पण पाणी उरलं असेल तर झाकण काढून मिनिटभर ठेवा. पाणी आटलं आणि दाणा कच्चा असेल तर पाव वाटी उकळतं पाणी कडेने सोडा.

गॅस बंद करून मगच किसलेलं चीज पसरायचं आणि पुन्हा झाकायचं. आठ-दहा मिनिटांत ते वाफेवर वितळतं आणि भातही मुरतो. आच चालू ठेवली तर चेडर फुटून तेल सोडतं. आपलं डब्यातलं प्रोसेस्ड चीज सहसा फुटत नाही, पण त्याला खारटपणा जास्त, तेव्हा मीठ बेताने.

वरचं सगळं गार आणि कच्चं हवं: कांदा, कोथिंबीर, टोमॅटो, थोडा फेटलेला चक्का (सावर क्रीमची उणीव तो सहज भरून काढतो) आणि लिंबू. मेक्सिकोत पिळतात ते लिंबू आणि आपलं कागदी लिंबू एकच. ते आशियातून तिकडे गेलं, मिरची-टोमॅटो तिकडून आपल्याकडे आले. कुरकुरीत काहीतरी पाहिजेच. मक्याचे चिप्स नसतील तर शिळ्या पोळीचे त्रिकोण तव्यावर कडक करून घ्या, आणि ताटात वाढल्यावरच वर चुरा.

उरलं तर चिप्स आणि चक्का न मिसळता, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा; शिजलेला भात बाहेर राहिला की लवकर बिघडतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून गरम करा आणि पोळीत गुंडाळून डब्याला द्या.