ट्रंकेंतलें लुगडें



दुपारचें जेवणखाण आटोपून घर जरा निवांत झालें कीं जिन्याखालून बोहारणीची हाक यावी आणि घरोघरच्या ट्रंका उघडाव्या, असा एके काळीं आपल्या शहरांतला परिपाठ होता. स्टीलच्या एका चकचकीत पातेल्यावर दोन साड्या, एक धोतर आणि एक सदरा असा हिशेब मांडला जाई; घासाघीस होई; अखेर एक परकर वर टाकून सौदा मिटे. इमारतींच्या दारांशीं पहारेकरी बसूं लागल्यापासून ही हाक विरळ झाली आहे. सौदा मात्र थांबलेला नाहीं. तो निराळ्या वाटांनीं चालूच आहे. या सौद्यांत आपण नेमकें काय देऊन टाकतों, आणि जें देऊं नये तें घरांत ठेवून रोजच्या वापरांत त्याचा आनंद कसा घ्यावा, यासंबंधीं मी आज चार शब्द बोलणार आहें.

बोहारणीला घातलेलें वस्त्र नाहींसें होतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. हा व्यवसाय मुख्यतः गुजराथेकडील वाघरी समाजाच्या स्त्रियांनीं चालविला. जुना कपडा न्यावा, धुवावा, सांधावा, इस्त्री करावी आणि ज्याला नवा घेणें परवडत नाहीं त्याला विकावा, हें त्यांचें काम. दिल्लींतील रघुबीरनगर हें या मालाचें मोठें ठाणें. लुसी नॉरिस या विदुषीनें या सगळ्या व्यापाराचा अभ्यास करून २०१० सालीं त्यावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला आहे. रेशमी आणि जरीच्या साड्या या बाजारांत आधींच बाजूला निघतात. कांहींचे उशांचे अभ्रे होतात, कांहींचे परदेशी प्रवाशांसाठीं झगे; खरी जर असलेलें कापड फारच विरलें असेल तर तें जाळून त्यांतली चांदी काढून घेतात. बोहारणीला नांवें ठेवण्याचें मला कांहीं कारण दिसत नाहीं. तिच्यामुळें गरिबाच्या अंगावर कपडा येतो. तिला आपल्या मालाची पारख आहे आणि आपल्याला ती राहिलेली नाहीं, एवढाच काय तो प्रश्न आहे.

वसईकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न विशेष जाणवतो. वसई १५३४ सालीं पोर्तुगिजांच्या ताब्यांत गेली ती १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं किल्ला घेईपर्यंत त्यांच्याकडेच होती. या दोनशें वर्षांत तेथील अनेक कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण घरांतली बोली आणि बायकांच्या अंगावरचें वस्त्र त्यांनीं सोडलें नाहीं. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे ज्यांना कुपारी म्हणतात, त्या समाजांतील वृद्ध स्त्रीचें लाल लुगडें हें याचें ठळक उदाहरण. शेजारच्या वाडवळ, आगरी आणि कोळी घरांतूनहि लुगडेंच होतें. नेसण्याची तऱ्हा आणि रंग पाहून बाई कोणत्या समाजाची हें दुरून ओळखूं येई.

पुढें पांचवारी पातळ आलें, मग झगा आला, मग पंजाबी पोशाख आला. लुगडें ट्रंकेंत गेलें आणि लग्नकार्यापुरतें किंवा समाजाच्या मेळाव्यापुरतें बाहेर निघूं लागलें. इतपत ठीक होतें. पण वस्ती वाढत गेली तसतशा केळीच्या वाड्या आणि कौलारू घरें जाऊन इमारती उठल्या. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. बैठें घर सोडून दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत जातांना सर्वांत आधीं रिकामी होते ती ट्रंक. हातमागावर विणलेलें जुन्या घडणीचें लुगडें आज दुर्मिळ आहे. बाजारांत त्या रंगाचें जें कापड सांपडतें तें बहुधा यंत्रमागावरचें असतें. पातेलें चेपलें तर दुसरें आणतां येतें. हें लुगडें एकदां दारांतून गेलें म्हणजे तें पुनः विकत घेण्याची सोय नाहीं.

तेव्हां कांहीं देण्यापूर्वीं आपल्या हातांत काय आहे हें पाहून घ्यावें. कापड उजेडांत धरावें. हातमागाच्या कापडांत सूत कोठें किंचित् जाड, कोठें बारीक असें बोटांना लागतें. काठाजवळचा एखादा सुटा दोरा काढून पेटवून पाहावा : सूत असेल तर जळक्या कागदाचा वास येतो, रेशीम असेल तर जळक्या केसांचा, आणि कृत्रिम धागा असेल तर तो वितळून त्याचा कडक मणी होतो. जरीची परीक्षा याहून महत्त्वाची. खऱ्या जरींत रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी, बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. सुरत हें या जरीचें प्रसिद्ध ठिकाण. नकली जरींत चांदीच्या जागीं तांबें येतें, आणि अगदींच हलकी असली तर चकाकणारें प्लॅस्टिक. धागा नखानें खरवडला आणि खालीं पांढरी धातू दिसली तर जर खरी असण्याचा संभव आहे. तांबूस दिसली तर ती नकलीच. खात्री हवी असेल तर सोनाराकडे जावें. पैठणीची खूण निराळी. तिचा पदर उलटा करून पाहावा. नक्षी दोन्ही बाजूंनीं सारखी दिसली आणि मागें लोंबत्या दोऱ्यांचें जाळें नसलें, तर तो पदर विणणाऱ्यानें रंगारंगाचे दोरे हातानें एकमेकांत गुंतवून विणला असें समजावें. असा पदर भरावयास आठवडेच्या आठवडे लागतात.

येथें एक आडकाठी येते. परक्यानें वापरलेलें वस्त्र अंगावर घालणें आपल्याकडे कमीपणाचें मानतात. मौज अशी कीं हाच समाज नवजात बालकाला कोरें कापड लावीत नाहीं; त्यासाठीं आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचें दुपटें काढतात. थोरल्याचा सदरा धाकट्याला होतो, आईचा शालू मुलगी आपल्या लग्नांत मिरविते. म्हणजे जुन्याचें आपल्याला वावडें नाहीं. वावडें आहे तें अनोळखी जुन्याचें. पूर्वीं निकडीपुढें तेंहि चालत नसे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांचें रेशनिंग सुरू झालें, आणि १९४३ मध्यें आपल्याकडेहि कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम निघाला. त्या पिढीनें ठिगळ लावलें तें निरुपायानें, आणि हातीं पैसा येतांच तें सोडून दिलें. आज आजोबांचा जुना कोट किंवा बाजारांतून शोधून आणलेली जरीची चोळी हौसेनें घालणारीं तरुण मंडळी दिसतात. त्यांना हंसूं नये. फक्त एक सांगावेंसें वाटतें : जुने कपडे डझनानें घेऊन एकेकदां घालावयाचे आणि टाकावयाचे, ही नव्या कपड्यांचीच उधळपट्टी जुन्यांवर चालविणें होय.

जुन्या साडीला कात्री लावावी कीं लावूं नये, हा घरांत भांडण लावणारा प्रश्न आहे. माझें मत असें कीं अंग धड असेल तर लावूं नये. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सलग विणलेलें कापड. त्याचा झगा शिवला कीं तो एकाच बाईच्या मापाचा राहतो. लुगडें मात्र सासूला, सुनेला आणि नातीला सारखेंच होतें. अंग विरलें आणि काठपदर शाबूत असले, तर ते हलक्या हातानें उसवून नव्या कापडावर बसवावे. यांत नवें कांहीं नाहीं, आपल्या आज्या हेंच करीत. गुळेदगुड्डच्या खणाचे उरलेले तुकडे बटव्याला किंवा लहान मुलीच्या परकराच्या काठाला पुरतात. भोंक पडलें असेल तर शिंप्याकडे न देतां रफूगराकडे द्यावें. चांगला रफूगर त्याच कापडाच्या आंतल्या दुमडींतून दोरा काढतो आणि भोकावर ताणा-बाणा पुनः विणतो. उत्तर प्रदेशांतील नजिबाबादचीं घराणीं या कामांत नांवाजलेलीं आहेत. त्याची मजुरी कापडाच्या किमतीशीं ताडून पाहूं नये, त्याच्या वेळाशीं ताडावी.

हातकामाचा वेळ आपण कधीं मोजीतच नाहीं, म्हणून त्याची किंमत आपल्याला महाग वाटते. गोधडीचेंच घ्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरावयाचे, सुरकुती काढून कडेनें कच्चे टांके घालावयाचे, आणि मग साधा धांवदोरा घालीत ओळीमागून ओळ भरावयाची. कोणी हिला वाकळ म्हणतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कानड्यांतील सिद्दी स्त्रियांची कवंडी हीं सारीं हिचींच भावंडें. जेथें जेथें लुगडें-साडी जुनी झाली तेथें तेथें बायकांच्या सुईनें हाच मार्ग काढला. आतां हिशेब करूं. गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद धरा. ओळींत अर्ध्या इंचाचें अंतर ठेवलें तर ९६ ओळी होतात. प्रत्येक ओळ ७२ इंचांची. इंचाला चार टांके म्हटले तर ओळींत २८८, आणि सबंध गोधडींत २७,६४८ टांके. मिनिटाला तीस टांके या वेगानें न थांबतां सुई चालली तरी पंधरा तासांवर वेळ जातो. सुई ओंवणें, थर जुळविणें, पाठ अवघडली म्हणून उठणें हें यांत धरलेलें नाहीं. कोणी बाई गोधडी शिवून देते आणि तिनें सांगितलेली किंमत ऐकून आपल्या भुंवया चढतात, तेव्हां त्या किमतीला पंधरानें भागावें, आणि तेवढ्या पैशांत आपण स्वतः एक तास मान मोडून बसूं काय, हें मनाला विचारावें. आणि अशी गोधडी आणली तर ती भिंतीवर टांगूं नये, अंगावर घ्यावी. आपल्या किनाऱ्यावरच्या थंडीला जाड रजई फार होते. दोन लुगड्यांची गोधडी बरोबर पुरते.

हाच भागाकार सुपाला, रोवळीला आणि परडीलाहि लावतां येईल. वसईची भाजी आणि केळीं वर्षानुवर्षें टोपल्यांतून मुंबईस गेलीं. आतां त्या जागीं प्लॅस्टिक आलें. तांदूळ रोवळींत धुवून पाहावे. पाणी जसें निथळतें तसें तें प्लॅस्टिकच्या चाळणींतून निथळत नाहीं. वसई तालुक्यांतच भालिवली येथें आदिवासी भगिनींना बांबूच्या वस्तू करण्याचें शिक्षण देणारें केंद्र आहे. तेथील राख्या आणि आकाशकंदील शहरांतून विकले जातात. वारली चित्रांचें मात्र उलट झालें आहे. ज्या जिल्ह्यांत लग्नाच्या वेळीं सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें देवीचा चौक लिहितात, आणि ज्या डहाणू तालुक्यांतल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली, त्याच जिल्ह्यांत यंत्रानें छापलेल्या वारली नक्षीचें कापड हातकाम म्हणून गळ्यांत मारतात. ओळखण्याची युक्ति सोपी. कापडावरच्या दोन नर्तकांच्या आकृती शेजारीं शेजारीं धराव्या. हातानें काढलेल्या दोन आकृती कधीं तंतोतंत सारख्या नसतात.

आतां राखण्यासंबंधीं. वसईची हवा समुद्राची आणि खाडीची. जर काळवंडविण्याला आणि बुरशी धरण्याला ती फार अनुकूल. रेशमी वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटांत गुंडाळावें. डांबराच्या गोळ्या जरीला लागूं देऊं नयेत. त्याऐवजीं लवंगा किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडींत बांधून कोपऱ्यांत ठेवावा. घडी दर तीन-चार महिन्यांनीं बदलावी, कारण जर मोडते ती घडीवरच. पाऊस सरला म्हणजे आश्विनांतल्या एखाद्या कोरड्या दिवशीं सगळीं वस्त्रें सावलींत, वारा लागेल अशीं पसरावीं. लाल लुगडें धुण्यापूर्वीं ओल्या पांढऱ्या फडक्यानें एक कोपरा पुसून पाहावा. रंग फडक्यावर उतरला तर तें निराळें आणि थंड पाण्यांतच धुवावें. रिठ्याचें पाणी सुताला आणि रेशमाला दोन्हींला मानवतें. इस्त्री जरीच्या उलट बाजूनें. आणि वर्षांतून दोन वेळां तरी तें नेसावें. नुसतें ठेवलेलें वस्त्र कसरीनें केव्हां खाल्लें हें कळतहि नाहीं.

राहतां राहिली चिठी. लुगडें कोणाचें, कोणत्या सालीं आणि कोठून घेतलें, कोणत्या कार्यांत नेसलें, हें एका कागदावर लिहून तो मांजरपाटाच्या बाहेरच्या घडींत ठेवावा. शाईनें लिहूं नये. दमट हवेंत ती कापडावर उतरते. पेन्सिल बरी. हें सारें सांगूं शकणारी आजी घरांत असेल, तर येत्या रविवारींच ट्रंक तिच्यापुढें उघडावी, आणि ती जें सांगेल तें तिच्याच बोलींत उतरून घ्यावें.