प्रकाशोपचार आणि मेंदू

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रे आणि पोथ्या यांच्या जोडीला नेत्ररुग्णांच्या नोंदींची काही पाने जपून ठेवलेली आहेत. रुग्णाची माहिती, त्याची तक्रार, त्यावर केलेले उपचार आणि सोबत त्याच्या नेत्राचे हाताने काढलेले चित्र, असे या नोंदींचे स्वरूप आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी यांच्या काळातील हे कागद होत. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला व वसुलाचा काही हिस्सा एवढेच उरले. कारभारातून मोकळ्या झालेल्या या राजाने पुढचे आयुष्य, म्हणजे १८३२ पर्यंतचा काळ, ग्रंथसंग्रह, मुद्रण, संगीत आणि वैद्यक यांत वेचला. धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकशाळा. देशी वैद्यकपद्धतींचे जाणकार आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले लोक तेथे एकत्र काम करीत. नेत्रोपचारांकडे राजांचा विशेष ओढा होता, आणि मोतीबिंदूवरील उपचार हा त्यातील प्रमुख भाग होता.

त्या काळी मोतीबिंदूवर इलाज करण्याचा हेतू एकच असे : गेलेली दृष्टी परत मिळवावी. नेत्रातून आत जाणारा प्रकाश पाहण्याखेरीज दुसरे काही काम करीत असेल, अशी शंका येण्याचेही कारण नव्हते. हे दुसरे काम विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आले, आणि प्रकाशाने मेंदूच्या विकारांवर उपचार करता येतील काय, या प्रश्नाचा मोठा भाग त्यावरच उभा आहे.

नेत्राच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल असते. त्यातील दंडपेशी आणि शंकुपेशी यांच्यामुळे आपल्याला आकार व रंग दिसतात, हे शाळेतील पुस्तकांतही सांगितलेले असते. १९९५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. ज्यांना उजेडाची जाणीवही होत नाही, अशा काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला असता त्यांच्या रक्तातील मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक कमी होत होते. म्हणजे पाहणारी यंत्रणा बंद पडली असली, तरी दुसरी कोणती तरी यंत्रणा चालू होती. मेलानॉप्सिन या रंगद्रव्याचा शोध १९९८ मध्ये प्रथम बेडकाच्या त्वचेत लागला, आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रंगद्रव्य असलेल्या दृष्टिपटलातील मोजक्या चेतापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, असे दाखवून दिले. या पेशी चित्र पाहत नाहीत. उजेड किती आहे एवढेच मोजतात. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक संवेदनशील असतात. त्यांचे तंतू मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर असलेल्या, तांदळाच्या दाण्याहूनही लहान केंद्रापर्यंत जातात. हे केंद्र म्हणजे शरीराचे घड्याळ होय. झोप, शरीराचे तापमान, संप्रेरकांची भरती-ओहोटी ही सारी त्याच्या चालीने चालतात.

आता मोतीबिंदूकडे पुन्हा वळावे. वयाबरोबर नेत्रातील भिंग पिवळसर आणि गढूळ होत जाते. पिवळे भिंग नेमका निळा प्रकाशच अडवते. वृद्ध माणसाला वर्तमानपत्र वाचता येईनासे होते, ते घरच्यांच्या लक्षात येते. त्याच्या मेंदूतील घड्याळाला सकाळ झाल्याचा निरोप पुरेसा पोचत नाही, हे मात्र कोणाच्याही ध्यानात येत नाही. अवेळी झोप, रात्रीची भटकंती, दिवसाची ग्लानी या तक्रारी वयाच्या खात्यावर टाकल्या जातात.

अमेरिकेतील सिॲटल परिसरात ६५ वर्षांवरील व्यक्तींची वर्षानुवर्षे पाहणी चालू आहे. तिच्या आधारे २०२१ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेल्या ३,०३८ व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. जी माणसे मुळात धडधाकट असतात तीच शस्त्रक्रियेला तयार होतात, असा आक्षेप सहज घेता येतो. अभ्यासकांनी म्हणूनच काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचीही तुलना केली. या शस्त्रक्रियेने नेत्रात जाणारा प्रकाश वाढत नाही आणि गेलेली दृष्टीही परत येत नाही. तिच्या बाबतीत असा लाभ दिसला नाही. मोतीबिंदू काढल्यानंतरचा लाभ स्पष्ट दिसू लागल्यामुळे होतो, माणूस पुन्हा चारचौघांत मिसळू लागल्यामुळे होतो, की निळा प्रकाश पुन्हा मेंदूपर्यंत पोचल्यामुळे होतो, हे वेगळे काढणे अवघड आहे. तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यास हरकत नाही. तामिळनाडूपुरते बोलायचे, तर १९७६ मध्ये मदुराई येथे अवघ्या ११ खाटांवर सुरू झालेल्या अरविंद नेत्ररुग्णालयाने ही शस्त्रक्रिया गोरगरिबांच्या आवाक्यात आणून ठेवली आहे. स्मृतिभ्रंशासाठी प्रकाशाची महागडी उपकरणे शोधत हिंडण्यापूर्वी आजोबांचा मोतीबिंदू निघाला आहे का, हे पाहणे शहाणपणाचे.

बाहेरून दिलेल्या प्रखर प्रकाशाचा उपयोग उदासीनतेच्या विकारावर प्रथम झाला. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हिवाळ्यात येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन करून तिच्यावर प्रखर दिव्याचा उपचार सुचविला. हल्ली या उपचारात सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्स इतक्या प्रकाशासमोर बसवितात. तंजावर विषुववृत्तापासून केवळ ११ अंशांच्या आत आहे. तेथील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वा तासाच्या आसपासच फरक पडतो. हिवाळ्यातील उदासीनता तेथे फारशी भेटणार नाही. परंतु घरात दिवसभर बसून राहणाऱ्या वृद्धाचा प्रश्न कोणत्याही अक्षांशावर सारखाच आहे. घरातील खोलीत दोनतीनशे लक्सही उजेड नसतो. उलट ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार लक्स सहज मिळतात. कावेरीकाठच्या जुन्या घरांना मधोमध उघडा चौक आणि दारापुढे बसण्याचा ओटा असे. म्हाताऱ्या माणसांची सकाळ तेथे जात असे आणि उपचाराच्या दिव्याइतका नाही तरी पुष्कळ प्रकाश त्यांना फुकट मिळे. मजल्यावरच्या सदनिकेत ही सोय उरलेली नाही.

नेदरलँड्समधील १२ वृद्धाश्रमांत या दृष्टीने एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८९ वृद्धांपैकी, ज्यांतील बहुतेकांना स्मृतिभ्रंश होता, काहींच्या दिवाणखान्यात छताला सुमारे १,००० लक्सचे दिवे दिवसभर लावले. इतरांकडे ३०० लक्सच्या आसपासच उजेड ठेवला. प्रखर उजेडात बुद्धीची घसरण किंचित मंदावली आणि उदासीनतेची लक्षणे १९ टक्क्यांनी कमी झाली. बुद्धीवरील परिणाम लहान होता, हे लपविण्याचे कारण नाही. विकार बरा झाला नाही. मात्र दिवे लावण्याला फारसा खर्च येत नाही आणि त्यांपासून सहसा अपायही होत नाही.

येथपर्यंतचा मार्ग नेत्रातून जाणारा होता. यानंतरच्या दोन मार्गांबद्दल आशा मोठी असली, तरी पुरावा तोकडा आहे.

पहिला लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील ली-ह्वे त्साय यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांना दर सेकंदास ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखविला, आणि त्यांच्या मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातील अमिलॉइड हे घातक प्रथिन घटल्याचे जाहीर केले. बातमी जगभर गेली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील जॉर्जी बुझाकी यांच्या गटाने हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्यांना ती घट आढळली नाही. दोन नामांकित प्रयोगशाळांची अशी विरुद्ध उत्तरे आल्यावर सामान्य माणसाने घरी लुकलुकता दिवा आणून बसणे घाईचे ठरेल. त्यात धोकाही आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका व्यंगचित्रमालिकेतील लुकलुकत्या दृश्याने शेकडो मुलांना झटके व इतर त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते.

दुसरा मार्ग तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाचा. हंगेरीतील एन्द्रे मेश्टर यांना १९६७ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगात लेसरच्या मंद प्रकाशाने केस जोमाने वाढताना दिसले, तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे. पेशीतील श्वसनाशी निगडित विकर हा प्रकाश शोषते आणि पेशीला ऊर्जा मिळते, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे. अडचण कवटीची आहे. केस, त्वचा आणि हाड ओलांडून आत पोचणारा प्रकाश अगदी थोडा असतो. पक्षाघाताच्या रुग्णांवर ८०८ नॅनोमीटरच्या लेसरची क्रमाने तीन वेळा परीक्षा झाली. पहिल्या चाचणीत १२० रुग्ण होते. २००७ मध्ये तिचे फळ उत्साहवर्धक दिसले. दुसरीत ६६० रुग्ण घेतले, तेव्हा निर्णायक लाभ दिसला नाही. तिसरी चाचणी मध्येच, लाभाची आशा नाही म्हणून, थांबविण्यात आली. रुग्णसंख्या वाढली तसा लाभ नाहीसा झाला, हा क्रम वैद्यकात वारंवार आढळतो. दिवे जडविलेली शिरस्त्राणे विकत घेणाऱ्याला जाहिरातीत पहिल्या चाचणीसारखाच मजकूर वाचावयास मिळतो. पक्षाघातात तर गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तो वेळ दुसऱ्या कशात घालविणे म्हणजे मेंदूचा भाग गमावणे.

मेंदू वाचविणारा सर्वांत खात्रीचा प्रकाशोपचार मात्र कवटीतूनही जात नाही आणि नेत्रातूनही जात नाही. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ मध्ये जीन वॉर्ड या परिचारिका अशक्त अर्भकांना उन्हाळ्यात अंगणात नेत असत. काविळीने पिवळ्या पडलेल्या एका बाळाची उन्हात उघडी राहिलेली त्वचा फिकी झाली होती आणि दुपट्याने झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिला होता. त्यांनी तो डॉक्टरांना दाखविला. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातील बिलिरुबिनही उतरलेले आढळले. रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये यावरून बनविलेल्या दिव्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

नवजात बालकाच्या रक्तात बिलिरुबिन फार वाढले, तर ते मेंदूत खोलवर जाऊन बसते. मूल वाचले तरी कायमचे बहिरे होण्याची आणि हातापायांवरचा ताबा गमावण्याची भीती असते. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेखालील बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलतो. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो आणि पित्त व लघवी यांवाटे बाहेर पडतो. नवे औषध किंवा शस्त्रक्रिया लागत नाही, आणि रक्त बदलण्याची पाळी बहुधा येत नाही.

बाळाला कोवळ्या उन्हात धरावे, ही घरोघरची रीत यावरूनच बरोबर ठरते, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु उन्हात निळ्या किरणांबरोबर जंबुपार किरण आणि उष्णताही असते. उघड्या बाळाला ताप येऊ शकतो वा थंडीही वाजू शकते, आणि किती प्रकाश मिळाला हे कोणी मोजत नाही. सावळ्या त्वचेवर पिवळेपणा चटकन दिसतही नाही. पहिल्या २४ तासांत दिसणारी कावीळ, दूध न ओढणारे किंवा सुस्त पडून राहणारे बाळ, अशा वेळी दोन दिवस ऊन दाखवून पाहणे फार महाग पडते. रक्तातील बिलिरुबिन तपासून, बाळाचे तासांतील वय व पूर्ण दिवस भरले होते की नाही हे पाहून दिवा लावायचा की नाही हे ठरते. दिव्याखाली बाळाला लंगोटाखेरीज उघडे ठेवतात, डोळ्यांवर मात्र पट्टी बांधतात, दूध चालू ठेवतात. दिवा बंद केल्यावर बिलिरुबिन पुन्हा थोडे वर चढू शकते. म्हणून काही बाळांना घरी पाठविण्यापूर्वी किंवा नंतर रक्ताची आणखी एक तपासणी करण्यात येते.