शंका विचारणाऱ्याचे आभार माना

बँकेच्या नोकरीतील अखेरची काही वर्षे मी शाखाप्रमुख म्हणून काढली. हाताखाली वीस-बावीस माणसे होती. नेतृत्व आणि संवादकौशल्य या विषयांच्या प्रशिक्षणवर्गांना मी अनेकदा बसलो होतो; पुढे नव्या अधिकाऱ्यांसाठी असे वर्ग स्वतः घेतलेही होते. निवृत्तीबरोबर या विद्येचे काम संपले, अशी माझी समजूत होती. ती किती चुकीची होती, हे गेल्या पावसाळ्यातील एका सकाळने मला दाखवून दिले.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर माझ्या पत्नीची उजवी बाजू अधू झाली आहे. बोलणेही अडखळते, शब्द ओठांशी येऊन थांबतात. मधुमेह त्याआधीपासूनचा. तिच्या शुश्रूषेसाठी दोन प्रशिक्षित ताई येतात, एक दिवसपाळीला आणि एक रात्रपाळीला. त्या दिवशी रात्रपाळीच्या ताईंना गावाकडची एसटी गाठायची होती. त्यांनी सकाळचे इन्शुलिन नेहमीपेक्षा लवकर दिले, न्याहारी भरवली, मला तसे सांगितले आणि त्या निघाल्या. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता "बरं" म्हणालो आणि थोड्या वेळाने अंघोळीला गेलो. आठ वाजता दिवसपाळीच्या ताई आल्या. भिंतीवरच्या तक्त्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते : सकाळी ८, इन्शुलिन. त्यांनी इंजेक्शन दिले. एकाच सकाळी दोनदा.

साडेदहाच्या सुमारास पत्नीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, नजर हरवल्यासारखी झाली. साखर तपासली तर ४८. ती शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून हळूहळू पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि डॉक्टरांना फोन केला. साखर वर आली असली, तरी दुप्पट इन्शुलिनचा परिणाम कित्येक तास टिकू शकतो, म्हणून त्यांनी तिला रुग्णालयात दाखल करून घेतले. दुसऱ्या दिवशी ती सुखरूप घरी आली.

चूक नेमकी कोणाची?

संध्याकाळी मी दिवसपाळीच्या ताईंना जाब विचारायच्या तयारीतच होतो. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "काका, उष्टी वाटी बघून मला शंका आली होती. पण परवा मी औषधाचं विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, रोज रोज तेच काय विचारता, भिंतीवर लिहिलंय ना सगळं. म्हणून मग नाही विचारलं."

हे ऐकून माझा राग जागच्या जागी विरला. निरोप मिळूनही तो पुढे न पोहोचविणारा मी होतो, आणि शंका विचारण्याची वाटही मीच बंद केली होती. आजारी माणसाचे घर हे कुणाचे तरी कामाचे ठिकाण असते आणि तेथील प्रमुख आपण असतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

प्रमुखासमोर शंका दबून राहिली, तर काय घडते याचे एक दारुण उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या अखत्यारीतील टेनेरिफ बेटावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाण घेणाऱ्या विमानाचा कप्तान अत्यंत अनुभवी होता. इतर वैमानिकांना तो प्रशिक्षण देत असे. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखविलीही होती. कप्तानाने ठामपणे ती बाजूला सारली आणि ती पुन्हा कोणी लावून धरली नाही. अपघाताची इतर कारणेही होती. परंतु अशा घटनांनंतर विमानकंपन्यांनी कनिष्ठांना स्पष्ट बोलण्याचे आणि वरिष्ठांना ऐकून घेण्याचे रीतसर शिक्षण देण्यास प्रारंभ केला.

हा धडा पुढे रुग्णालयांनीही घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक पडताळणी यादी प्रसृत केली. तीत छेद देण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, असा एक साधा मुद्दा आहे. एकदा सर्वांसमोर बोललेले माणूस पुढे काही खटकले तर बोलण्यास कचरत नाही, हा त्यामागील विचार. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

आम्ही घरात काय बदलले

या घटनेनंतर मी भिंतीवरचा तक्ता काढला नाही. पण त्याच्यावर विसंबणे सोडले. चार गोष्टी नव्याने सुरू केल्या. त्या कोणत्याही घरात करता येण्याजोग्या आहेत.

पाळी बदलताना समोरासमोर बोलणे. दोन्ही ताई पंधरा मिनिटे एकत्र असतील, अशा वेळा ठरविल्या. त्या जादा वेळेचे पैसे देतो. पाळी सोपविण्याचे बोलणे पत्नीच्या पलंगाशीच होते. काय दिले, काय द्यायचे राहिले, आज काय वेगळे दिसले, हे तीन प्रश्न ठरलेले. दिलेल्या औषधापुढे वेळ आणि सही वहीत त्याच क्षणी होते, 'मग लिहू' असे चालत नाही. एखादीला लवकर जावे लागले, तर ती दुसरीला फोन करते. मी मधला निरोप्या राहिलेलो नाही.

ऐकणाऱ्याने परत सांगणे. "समजलं ना?" या प्रश्नाला कोणीही "हो" असेच उत्तर देते. त्याऐवजी मी म्हणतो, "मी नीट सांगितलं की नाही, ते मला कळू दे. आता काय करायचं ते तुम्ही मला सांगा." अशा विचारण्याने परीक्षा ऐकणाऱ्याची न होता सांगणाऱ्याची होते.

डॉक्टरांना चार भागांत सांगणे. अमेरिकी नौदलात रुळलेली ही पद्धत आता अनेक रुग्णालयांत वापरतात. आत्ता काय झाले आहे, आधीची पार्श्वभूमी काय, आपल्याला काय वाटते आणि आपण काय मदत मागत आहोत, या क्रमाने बोलावे. "साखर ४८ होती, साखरपाणी दिल्यावर वाढली आहे. मधुमेह आणि पक्षाघात आहे. इन्शुलिन दोनदा गेले आहे. रुग्णालयात आणू का?" एवढे अर्ध्या मिनिटात सांगून होते. घाबरलेल्या मनाला अशी चौकट आधार देते.

शंकेचे आभार मानणे. ही गोष्ट मला सर्वांत जड गेली. ताईंनी चौथ्यांदा तेच विचारले, तरी "बरं झालं विचारलंत" एवढेच म्हणायचे, असा नेम मी केला. शंका निराधार ठरली तरीही. पहिले काही आठवडे त्या बिचकतच विचारीत. नंतर एकदा औषधाच्या दुकानातून आलेल्या पाकिटावरील मात्रा वेगळी असल्याचे त्यांनीच दाखविले, आणि गोळी देण्यापूर्वीच ते पाकीट परत गेले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णसेवेवर जे पुस्तक लिहिले, ते घरोघरी आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांसाठी होते. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे म्हणजे कारभार, हे त्यांनी त्यात आग्रहाने मांडले आहे. रुग्णाशी बोलताना त्याला दिसेल असे बसावे आणि त्याच्याविषयी दाराआड कुजबुजू नये, हेही त्यांनी बजावले आहे. शाखेचा कारभार अनेक वर्षे हाकूनही यातील पहिली गोष्ट मी घरात केली नव्हती. दुसरीकडे तर माझे लक्षच नव्हते.

ज्याचे दुखणे, त्याचे बोलणे

त्या सकाळची आणखी एक गोष्ट मला आठवड्याने कळली. दिवसपाळीच्या ताई इंजेक्शन घेऊन आल्या, तेव्हा पत्नीने डावा हात हलवून 'नको' अशी खूण केली होती. सुईला कंटाळून ती नको म्हणते आहे, असे ताईंना वाटले. इन्शुलिन आधीच झाले आहे, हे त्या क्षणी खोलीत एकाच माणसाला ठाऊक होते, आणि त्याचेच म्हणणे कोणी ऐकले नव्हते.

बोलणे अडखळते म्हणजे जाण हरपते असे नव्हे. अशा माणसाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा, एका वेळी एकच विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. ज्येष्ठ वाचकांनाही माझे सांगणे आहे, की आपल्याला कोणते औषध कशासाठी दिले जात आहे, हे प्रत्येक वेळी विचारण्याचा आपला अधिकार सोडू नका. आपल्या शुश्रूषेचे पहिले प्रमुख आपणच आहात.

आता आमच्याकडे इंजेक्शनापूर्वी ताई वही पाहतात. मग पलंगासमोर बसून विचारतात, "आजी, आज सकाळचं इन्शुलिन झालंय का?" उत्तर यायला कधी कधी मिनिटभर लागते. तेवढा वेळ आम्ही सगळे थांबतो.