सेकंडहँड '२२०' : आधी दुरुस्ती, मग हौस

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सहज एक चक्कर मारून बघा. निम्म्याहून जास्त गाड्या सेकंडहँड. कुणाच्या गाडीला निळे एलईडी, कुणाला दणदणीत सायलेन्सर, कुणाच्या टाकीवर रेसिंगचे स्टिकर. आणि मग जरा खाली वाकून टायर बघा. गोटा! चेन बघा. गंजलेली! म्हणजे लग्नाचा शालू आणि पायात तुटकी चप्पल, असा सगळा प्रकार.

या जूनमध्ये मीही एक सेकंडहँड पल्सर २२० घेतली. २०१३चं मॉडेल, रनिंग बेचाळीस हजार किलोमीटर, किंमत अडतीस हजार. माझं घर माणगावला, म्हणजे सुट्टीला जायचं तर पौड, मुळशी धरण आणि मग सगळा ताम्हिणी घाट. बाबांनी एकच अट घातली : "गाडी घे. पण काय काय दुरुस्त केलंस ते मला लिहून दाखवल्याशिवाय घाट उतरायचा नाही." त्या हिशेबाच्या वहीतूनच हा लेख तयार झाला. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे 'घर्षण' लिहावं की 'फ्रिक्शन' यावर बराच खल झाला. शेवटी ठरवलं, गॅरेजमध्ये जे शब्द चालतात तेच इथे चालवायचे. मराठीच्या मॅडम सांभाळून घेतीलच!

गाडीची थोडी ओळख

पल्सर म्हणजे आपल्या जिल्ह्याचीच लेक. बजाजने ती २००१ मध्ये आणली. २२० आली २००७ मध्ये, तेव्हा ती फ्युएल इंजेक्शनची होती. २००९ मध्ये ती कार्ब्युरेटरवर आली आणि स्वस्त झाली. 'द फास्टेस्ट इंडियन' ही जाहिरात तेव्हाचीच. २०२२ मध्ये उत्पादन थांबलं, २०२३ मध्ये लोकांच्या आग्रहाखातर परत सुरू झालं. ऑइल-कूल्ड इंजिन, पाच गिअर, दोन्ही चाकांना डिस्क, साधारण २१ पीएस ताकद आणि दीडशे किलो वजन. मुलींनी वजनाला घाबरू नये. गाडी चालवताना उचलायची नसते, तोलायची असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. माझ्या गाडीला एबीएस नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीची गाडी घेणाऱ्याने ब्रेक आणि टायर या दोन खात्यांत काटकसर करूच नये.

आणि पुढे जे बिघाड सांगणार आहे त्यात कंपनीचा दोष काढायचा नाहीये. बारा-तेरा वर्षं उन्हापावसात वापरलेल्या कुठल्याही गाडीचं हे असंच होतं.

कागद आधी, पाने-पक्कड नंतर

चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. आरसी नावावर झाली की विमाही नावावर करून घ्या. पीयूसी काढा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट लागते, तीही विसरू नका. "भाऊ, नंतर करू ट्रान्सफर" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढच्या गाडीकडे वळा.

ब्रेक : सगळ्यात आधी हाच खर्च

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. आता मुळशीतल्या पावसाळी हवेत ते किती शोषत असेल याची कल्पना करा! २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. नवीन डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की प्रमाण मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. म्हणजे तब्बल ७५ अंशांचा फरक.

याने काय बिघडतं? एक गणित करू. गाडी आणि दोन माणसं मिळून २८० किलो. समजा घाटात ५०० मीटर उंची उतरलो. एमजीएच काढा : २८० × ९.८१ × ५०० म्हणजे सुमारे १३.७ लाख जूल. एवढ्या उष्णतेत नळाचं चार लिटर पाणी उकळेल. गिअर न्यूट्रल करून, नुसत्या ब्रेकवर घाट उतरलात तर हवेचा रोध सोडून बाकी सगळी उष्णता त्या दोन छोट्या डिस्कमध्ये जाणार. ऑइलमधलं पाणी उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. लिव्हर हँडलला टेकतो, गाडी मात्र चालूच!

म्हणून दोन नियम. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घालायचा. माझ्या गाडीतलं ऑइल काढलं तेव्हा ते काळ्या चहासारखं दिसत होतं. दुसरा नियम : चढताना जो गिअर लागतो, उतरतानाही तोच ठेवायचा. इंजिनला काम करू द्या. पुढचे-मागचे पॅडही मी बदलले. जुने पातळ झाले होते.

टायर : जन्मतारीख वाचायला शिका

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१३ म्हणजे २०१३ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या मागच्या टायरवर १७१६ होतं. नक्षी बरी दिसत होती, पण रबर इतकं कडक झालेलं की नख रुतेना. अशा टायरला पावसात पकड नसते.

परत गणित. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ धरला तर थांबायला २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ०.४ धरा, ३५ मीटर होतात. शिवाय डोळ्यांनी बघून हाताने ब्रेक दाबेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्याचे १७ मीटर वेगळे. म्हणजे पावसात एकूण ५२ मीटर! ताम्हिणीच्या धुक्यात ५२ मीटर पुढचं दिसतं तरी का? नसेल दिसत, तर ताशी ६० ने जायचंच नाही. हा वेगाचा नियम आपल्याला भौतिकशास्त्रानेच घालून दिलाय.

मी कंपनीच्याच मापाचे टायर घातले, पुढे ९०/९०-१७ आणि मागे १२०/८०-१७. बरेच जण मागे १४० चा टायर बसवतात. दिसतो मस्त. पण रिम तेवढीच राहते, त्यामुळे टायर कडेने दाबला जातो, त्याची गोलाई बदलते आणि वळणावर गाडी जड वाटायला लागते. कधी कधी तो चेनलाही घासतो.

चेन, कोनसेट आणि ऑइल

चेन 'ताणली गेली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात, शंभरेक कड्यांची झीज एकत्र होते आणि चेन लांब होते. मग स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकतात. नुसती चेन नवी घातली तर हे जुने दात तिला लवकर खातात. त्यामुळे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायचे. धावताना चेन तुटली तर मागचं चाक जाम होऊ शकतं. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे, साधारण अडीच ते साडेतीन सेंटीमीटर ठेवा. धुवायला रॉकेल किंवा चेन क्लीनर, पेट्रोल नको. ओ-रिंग असतील तर त्या खराब होतात.

कोनसेटची परीक्षा सोपी आहे. मित्राला गाडी धरायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळू फिरवा. अगदी मधोमध 'टक' करून खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर कोनसेट गेला. पिरंगुटच्या ट्रकने खड्डे पाडलेल्या रस्त्यावर तो जायचाच.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, आणि डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं हवं. आपल्या बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. काही कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती क्लच प्लेटला लागली की क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. काकांच्या कारमधलं उरलेलं ऑइल फुकट मिळालं तरी नको!

बॅटरी : कारण २२० ला किकच नाही

हो, खरंच नाही. सेल्फ गेला की धक्का मारायचा. रात्री आठ वाजता, घाटात, पावसात, दीडशे किलोला! त्यामुळे पन्नास-शंभर रुपयांच्या भानगडीत न पडता ईएनटीसीच्या मित्राकडून मल्टिमीटर मागून आणा. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. गाडी चालू करून रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. त्याखाली राहिले तर चार्जिंगमध्ये घोटाळा आहे, नवी बॅटरी टाकूनही ती मरणारच. माझी चार्जिंग ठीक निघाली, बॅटरीच म्हातारी झाली होती.

आता लाइटची हौस. ५५ वॉटच्या जागी १०० वॉटचा बल्ब घातला की करंट ४.६ वरून ८.३ अँपिअरवर जातो. वायरमधली उष्णता मात्र करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वातीन पटीहून जास्त. कंपनीची वायर आणि स्विच त्यासाठी बनवलेलेच नाहीत. त्यापेक्षा काच पुसा, अर्थिंगचे जोड घासून साफ करा, बीम थोडा खाली करा. धुक्यात जास्त उजेड म्हणजे जास्त पांढरी भिंत, एवढंच होतं.

दोन प्लग आणि ई-२० पेट्रोल

डीटीएस-आय म्हणजे एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. यातला एक मेला तरी गाडी चालते, फक्त अ‍ॅव्हरेज आणि पिकअप पडतो. त्यामुळे लोक महिनोन्‌महिने एकाच प्लगवर फिरतात. दोन्ही काढून बघा. टॅपेट सेटिंग थंड इंजिनवरच करून घ्या.

पेट्रोलचं प्रकरण नवीन आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी सेन्सर असेल तर ते जुळवून घेते, कार्ब्युरेटरला काय कळणार? तो तेवढंच पेट्रोल देतो आणि मिश्रण हलकं पडतं. थंडीत गाडी उशिरा सुरू होणं, मध्येच मिसिंग येणं, त्यामागे हे एक कारण असू शकतं. इथेनॉल पाणीही ओढतं आणि जुने रबरी पाइप कडक किंवा चिकट करतं. उपाय स्वस्त आहे : पेट्रोलचे पाइप आणि कार्ब्युरेटरच्या ओ-रिंग बदलणं, टाकी भरलेली ठेवणं, आणि दिवाळीच्या सुट्टीला गाडी इथेच ठेवून जाणार असाल तर कार्ब्युरेटरचा ड्रेन स्क्रू उघडून तो रिकामा करणं.

वहीतला हिशेब

इंजिन ऑइल आणि फिल्टर ७००, चेन-स्प्रॉकेट २,१००, दोन टायर ४,७००, डिस्क पॅड ८००, ब्रेक ऑइल २००, कोनसेट मजुरीसह १,०००, बॅटरी १,३५०, दोन प्लग ३००, एअर फिल्टर २५०, पाइप आणि ओ-रिंग २००, क्लच-अ‍ॅक्सिलरेटर केबल ३५०, बाकी मजुरी १,३००. एकूण १३,२५० रुपये. म्हणजे गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त! म्हणून माझा हिशेब असा : खिशात पन्नास हजार असतील तर गाडी अडतीसचीच बघायची. पन्नासची घेतली तर ती तशीच चालवावी लागते, आणि खरा धोका तिथेच आहे.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल मी काही लिहिलं नाही. त्याने ताकद वाढल्याचं मला तरी कुणी मोजून दाखवलेलं नाही. वॉर्डन सरांचा राग मात्र नक्की वाढतो. 'फ्री-फ्लो' एअर फिल्टरचंही तसंच. पौड रोडची धूळ इंजिनला फुकट कशाला खाऊ घालायची? हौसच करायची तर आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट घ्या. एक मागच्यासाठीही.

निघण्यापूर्वी रोज दोन मिनिटं द्या : टायरची हवा, चेन, दोन्ही ब्रेक, ऑइलची पातळी, लाइट. बस्स. आणि ज्यांना कोनसेट किंवा चार्जिंग तपासायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर पार्किंगमध्ये यावं. मल्टिमीटर आणि पाने माझ्याकडे आहेत. स्टाफनेही यावं, स्कूटरसुद्धा चालेल. फी फक्त एक कटिंग चहा!