नळाच्या पाण्यातील क्लोरीन : भीती किती, काळजी किती?

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला औषधासारखा वास येऊ लागतो. नदीचे पाणी गढूळ झाले की निर्जंतुकीकरणासाठी जास्त क्लोरीन लागतो, त्याचा हा वास. पाठोपाठ प्रश्न येतो, क्लोरीनमुळे कर्करोग होतो का?

क्लोरीन जंतू मारतो, पण पाण्यात उतरलेल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या अंशाशीही त्याची अभिक्रिया होते. त्यातून क्लोरोफॉर्मसारखी ‘ट्रायहॅलोमिथेन’ संयुगे तयार होतात. रॉटरडॅम येथील रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिले. नवीन पनवेल परिसराला पाणी पुरवणारी पाताळगंगा सह्याद्रीच्या उतारावरून येते; अशा नद्यांत पावसाळ्यात पालापाचोळा व गाळ भरपूर असतो. म्हणून आधी तुरटीने गाळ बसवून, पाणी गाळून मगच क्लोरीन देणे महत्त्वाचे.

वर्षानुवर्षे ही संयुगे जास्त असलेले पाणी वापरणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे; मात्र क्लोरीनचे पाणी हेच त्याचे कारण, असे सिद्ध झालेले नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा. याउलट क्लोरीन न दिलेल्या दूषित पाण्याने कॉलरा, विषमज्वर, कावीळ काही दिवसांत किंवा आठवड्यांत गाठतात. त्यामुळे या संयुगांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते.

मग घरी काय करावे? पाणी उकळताना भांड्यावर झाकण ठेवू नका आणि खिडकी उघडी ठेवा. क्लोरोफॉर्म वाफेबरोबर उडून जातो. सक्रिय कोळशाचा फिल्टर ही संयुगे बरीच कमी करतो, पण त्याचे काडतूस वेळेवर बदलायला हवे. अशा फिल्टरमधून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणून ते झाकून ठेवा आणि लवकर संपवा. गरम पाण्याने आंघोळ करताना न्हाणीघरात हवा खेळती असू द्या.

सोसायटीच्या टाकीत गाळ साचू देऊ नका. टँकरचे पाणी घेतल्यास त्यात उरलेला क्लोरीन तपासा. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. टीसीएल पावडर अंदाजाने ओतू नका. कमी पडली तर जंतू उरतात, जास्त झाली तर नको ती संयुगे वाढतात.